शाळेतील छळ आणि हसणारा वर्ग

'मुलेच ती, चिडवाचिडवी चालायचीच,' असे म्हणून जो विषय नेहमी झटकला जातो, त्यावर या स्मरणिकेत आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. चिडवाचिडवी आणि छळ एक नव्हे. दोन मुले एकमेकांची टर उडवतात आणि संध्याकाळी एकत्र खेळतात, ती चिडवाचिडवी. एकालाच रोज लक्ष्य केले जाते, त्याला उलट बोलण्याची सोय नसते आणि भोवतालचे हसतात, तो छळ होय.

प.पू. बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेत याचे ठळक उदाहरण आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. हा दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. तेथे बसायला घरून तरट न्यावे लागे, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. परंतु पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घडलेला प्रसंग विद्यार्थी मित्रांनी अधिक बारकाईने पाहावा. शिक्षकांनी गणित सोडवण्यासाठी त्यांना फळ्याजवळ बोलावले आणि वर्गातील मुले धावत सुटली, कारण फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे होते. भीमरावांचा हात फळ्याला लागण्याआधी डबे हलवले गेले. येथे मारहाण नाही. त्या वर्गातला प्रत्येक मुलगा मनाने दुष्ट होता, असेही आम्हांस वाटत नाही. पण सगळे उठले असता जागेवर बसून राहायला धैर्य लागते. बसणाऱ्याकडेच उद्या बोट जाईल ही भीती असते. सोबत्यांचा दबाव म्हणतात तो हाच. गावात एखाद्या घराला वाळीत टाकतात, तेव्हाही शेजारी याच भीतीने दार लावून घेतात.

फिनलंडमधील संशोधक क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ साली सहावीच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. छळणारा आणि छळ सोसणारा एवढे दोघेच त्यात नसतात, असे त्यांना दिसले. कोणी मदतनीस असतो, कोणी हसून चेव आणतो, कोणी नजर वळवतो, तर कोणी दुबळ्याच्या बाजूने उभा राहतो. तेथील शाळांतला 'किवा' हा उपक्रम त्यामुळेच बघ्या मुलांवर भर देतो. छळणाऱ्याला हवे असते ते हसू. ते मिळाले नाही की त्याचा निम्मा जोर ओसरतो.

आता आपल्या नाशिककडे वळू. सुरगाणा, पेठ भागातून वसतिगृहात आलेल्या मुलाच्या बोलीला हसतात. आडनाव कळले की 'तुमचे काय, सवलत आहे' हा टोमणा येतो. शिष्यवृत्तीचे अर्ज आले म्हणजे जातीच्या नावाने भर वर्गात मुलांना उभे करण्याची पद्धत जेथे असेल, तेथे तर या टोमण्याला गुरुजनच वाट करून देतात. अर्ज कार्यालयात बोलावूनही देता येतात! आणि आमच्या वस्त्यांतील मुलेही यातून सुटलेली नाहीत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तरी शाळेमागे पुडी फिरते आणि नको म्हणणाऱ्याला 'भित्रा' ठरवले जाते. सातपूर-अंबडला पाळीवर जाणाऱ्या बापाला हे कळेपर्यंत सहामाही उलटलेली असते.

पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे. सोमवारी पोट दुखणे, डबा तसाच परत येणे, वह्या हरवणे, चालत्या रस्त्याऐवजी लांबून घरी येणे, या खुणा आहेत. अशा वेळी 'तूही दोन ठेवून दे' असे सांगितले, तर मूल पुन्हा घरी काही सांगत नाही. त्याचे आधी ऐकून घ्यावे, तारीख-वार लिहून ठेवावे आणि तक्रार लेखी द्यावी. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यानुसार अशी लेखी तक्रार मिळाल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावयाची असते; टाळाटाळ केल्यास त्याने गुन्ह्याला साथ दिली असे मानले जाते. वसतिगृहेही त्यात येतात. तक्रारीच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का व तारीख घेऊन ती घरी जपून ठेवावी. मुलाला स्वतःला बोलायचे असेल तर १०९८ हा फोन क्रमांक मोफत आहे; तो त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावा.