शिलेदाराचे पिस्तूल आणि वऱ्हाडाचा सारा

कंपनी सरकारच्या घोडदळाचे ठासणीचे पिस्तूल दिसायला अगदी साधे असते. साधारण नऊ इंचांची लोखंडी नळी, अक्रोडाच्या लाकडाचा कुंदा, त्याच्या टोकाला पितळी टोपण आणि नळीखाली बिजागरीने जखडलेला गज. त्यावर कोफ्तगरी नाही, चांदीची तार नाही, मुठीला हस्तिदंत नाही. त्यामुळे जुनी शस्त्रे जमवणाऱ्याची नजर त्यावरून घसरते आणि शेजारच्या नक्षीदार सरदारी तमंच्यावर थांबते. किंमतही त्यालाच जास्त येते. इतिहास शिकायचा असेल तर ही निवड चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सरदाराचा तमंचा एका माणसाची ऐपत आणि आवड सांगतो. लष्करी पिस्तूल एक अख्खी राज्ययंत्रणा सांगते: तिचे कारखाने, तिचे हिशेब आणि ते हिशेब कोणाच्या खिशातून भागले तेही. हे पाहायला यवतमाळ जिल्ह्यासारखी जागा नाही.

आधी यंत्र समजून घेऊ. स्वार कागदी काडतूस दातांनी फाडी, चिमूटभर रंजक चापाशेजारच्या पेल्यात टाकी, उरलेली दारू आणि गोळी नळीत सोडून गजाने ठाशी. चाप ओढला की पिस्तुलाच्या घोड्याच्या जबड्यात धरलेली गार पोलादी पट्टीवर आदळे, ठिणगी रंजकीवर पडे आणि नळीच्या कानातून, म्हणजे बारीक भोकातून, आग आत शिरे. एवढ्या खटाटोपानंतर एकच बार, तोही काही पावलांपलीकडे भरवशाचा नाही. गज बिजागरीने जखडलेला असण्याचे कारण उघड आहे. धावत्या घोड्यावर तो हातातून निसटला, तर पिस्तूल पुन्हा भरता येत नाही. अनुभवातून सुचलेली अशी एक सुधारणा हजारो नगांवर सारखी दिसते, यातच लष्करी हत्याराचे वेगळेपण आहे. चापाच्या पट्टीवरचे ठसेही तसेच बोलके. आधी हृदयाच्या आकाराचे कंपनीचे गाठोडे-चिन्ह असे, 1808 पासून त्या जागी मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आला. नळीवर तपासणीचे शिक्के, कधी पलटणीचा क्रमांक. गार बहुधा इंग्लंडमधल्या ब्रँडन गावच्या कारागिरांनी फोडलेली. म्हणजे पिस्तूल झाडताना इंग्लंडच्या गारेतून ठिणगी पडे आणि पेटणाऱ्या दारूतला सोरा बव्हंशी बिहारचा असे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की यवतमाळशी याचा संबंध काय? तर 17 एप्रिल 1818 रोजी पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल अॅडम्सने दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेला गाठले. नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांना मिळावे म्हणून पेशवा पूर्वेकडे निघाला होता. त्या दिवशी इंग्रजांच्या बाजूने लढले ते मुख्यतः घोडदळ आणि घोड्यांवरचा तोफखाना. पेशव्याजवळ उरलेल्या पाच तोफा तिथे गेल्या आणि जूनच्या सुरुवातीला तो इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. ही लढाई पिस्तुलांनी जिंकली असे मी म्हणत नाही. स्वाराचा खरा भरवसा तलवारीवर होता, पिस्तूल अखेरच्या क्षणाचे. मराठ्यांना एकसारखी हत्यारे करता येत नव्हती असेही नाही. महादजी शिंद्यांच्या आग्र्याच्या कारखान्यात सँग्स्टर नावाचा स्कॉटिश कारागीर पलटणींसाठी चकमकीच्या बंदुका घडवत होता. उणीव होती ती पगार आणि पुरवठा वर्षानुवर्षे अखंड चालवणाऱ्या तिजोरीची. कंपनीच्या पिस्तुलावरचा सिंह हा त्या तिजोरीचा शिक्का आहे.

आणि त्या तिजोरीत वऱ्हाडाने किती घातले, हे तर इतिहासाच्या पुस्तकांतून सहज वाचले जाते आणि तितक्याच सहज विसरले जाते. निजामाच्या नावाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचा खर्च थकला. 1853 च्या तहाने त्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेले. 1864 मध्ये यवतमाळ, दारव्हा, केळापूर आणि वणी हे तालुके मिळून आग्नेय वऱ्हाड, म्हणजे पुढचा वणी जिल्हा झाला. 1905 मध्ये त्यालाच यवतमाळ हे नाव मिळाले. काळ्या मातीतल्या कुणब्याने भरलेला सारा अशा रीतीने घोडदळाच्या पगाराला लागला. कंटिन्जंटचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. घोडा आणि बहुतेक सरंजाम स्वाराने स्वतः आणायचा आणि पगारातून सांभाळायचा. म्हणून या भागाशी जोडलेल्या एखाद्या पिस्तुलावर पलटणीचा क्रमांक नसला, तर लगेच ते बनावट ठरवू नये. याच स्वारांनी 1858 मध्ये सर ह्यू रोजच्या मध्य भारतातल्या मोहिमेत भाग घेतला. झाशीकडे गेलेल्या त्या फौजेच्या पगारात वऱ्हाडचा पैसा होता, हे मला फार अस्वस्थ करणारे वाटते. अस्वस्थ करते म्हणूनच ते शिकवले पाहिजे.

दरम्यान गार जाऊन आघाताने पेटणारी टोपी आली. पावसात रंजक भिजण्याची अडचण संपली. नवी पिस्तुले निघाली आणि काही जुन्यांना टोपीचा घोडा बसवला गेला. अशा फेरफार केलेल्या नगावर जुन्या पेल्याची आणि स्प्रिंगची भोके बुजवल्याच्या खुणा सापडतात. जाणता माणूस पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतो. नकली मालही अशा बारकाव्यांतच उघडा पडतो: ठशांतली अक्षरे चुकलेली, सिंह ओबडधोबड, गज हलतो पण नळीच्या तोंडापर्यंत पोचत नाही. खुणा घासून चकचकीत केलेले अस्सल पिस्तूल तर नकलीपेक्षाही दुःखद, कारण त्याची साक्ष मालकानेच पुसलेली असते.

दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो रास्त आहे. अमेरिकेत 1898 पर्यंतची बंदूक जुनी मानून सोडतात. आपल्याकडे अशी सालाची रेषा नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 प्रमाणे कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेले हत्यार तेव्हाच सुटते, जेव्हा ते दुरुस्त करूनही झाडता येणार नाही. नुसते दोनशे वर्षांचे आहे हे पुरेसे नाही. मग काही जण नळीत वितळलेले शिसे ओततात किंवा घोडा वितळजोडाने पक्का करतात. असे घरगुती उपाय करू नयेत. वस्तू बिघडते आणि कायद्याचे समाधान होईलच असे नाही. शंभर वर्षांवरील वस्तूला 1972 चा पुरावशेष कायदाही लागतो, आणि ती परदेशी विकण्याचा मार्ग खाजगी माणसाला बंद आहे. ही बंधने संग्राहकाला जाचक वाटतात. मला ती एका बाबतीत उपकारक वाटतात: खाजगी कपाटातून हत्याराला सार्वजनिक संग्रहाकडे ढकलतात.

शस्त्रसंग्रह म्हणजे हिंसेचे उदात्तीकरण, हा तिसरा आक्षेप नक्षीदार तमंचा एकटाच काचेत ठेवला तर खराही ठरतो. पण साध्या लष्करी पिस्तुलाशेजारी 1853 च्या तहाची प्रत, साऱ्याचा तक्ता आणि शिवणीच्या लढाईचा नकाशा ठेवला, तर उदात्त करण्यासारखे काय उरते? नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय 1863 पासून उभे आहे, पुण्यात दिनकर केळकरांनी घराघरांतल्या वस्तू गोळा करून 1962 मध्ये राज्याला दिल्या. यवतमाळच्या शाळकरी मुलांना मात्र आपल्याच जिल्ह्याची ही गोष्ट पाहायला बाहेरगावी जावे लागू नये. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. वाड्याच्या माळ्यावर असे पिस्तूल निघाले तर आधी ते भरलेले असू शकते असे धरून चाप न ओढता बाजूला ठेवावे, पोलीस ठाण्याला किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवावे, घासू नये, तेलपाणी करू नये. ठशांची छायाचित्रे काढावीत, नळीची लांबी आणि तोंडाचा व्यास टिपावा, आणि ते घरात कोणाकडून आले हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून तारखेसह लिहून ठेवावे.