चौसष्ट योगिनींचे वर्तुळ

जबलपूरहून भेडाघाटला जाणारा प्रवासी बहुधा संगमरवरी कडे आणि धुवांधार धबधबा पाहण्याच्या ओढीने जातो. नर्मदाकाठच्या टेकडीवर असलेल्या जुन्या देवळासाठी शंभरावर पायऱ्या चढण्याची तसदी घेणारे त्या मानाने थोडे. वस्तुतः मध्ययुगीन भारतातील एका दुर्मीळ वास्तुप्रकाराचा हा नमुना आहे. जबलपूर व भेडाघाट यांच्या दरम्यान तेवर नावाचे गाव लागते. कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी ती हीच. त्यांच्याच राज्यात, दहाव्या शतकात, हे देऊळ उभे राहिले.

देऊळ म्हटले की गाभारा, सभामंडप आणि शिखर अशी रचना आपल्या डोळ्यांसमोर येते. योगिनींच्या या देवळात मुळात यांपैकी काहीच महत्त्वाचे नव्हते. टेकडीच्या माथ्यावर दगडी भिंतीचे एक मोठे वर्तुळ आहे व त्याचा आतील व्यास सुमारे ११६ फूट भरतो. भिंतीच्या आतल्या अंगाला लागून ओवऱ्या आहेत. साधे चौकोनी खांब आणि वर सपाट शिळांचे छप्पर एवढीच त्यांची घडण. मधले अंगण आकाशाला उघडे आहे. बाहेरून पाहणाऱ्याला केवळ ओकीबोकी भिंत दिसते. सारे शिल्प आत, अंगणाकडे तोंड करून बसलेले आहे.

खांबांमुळे वर्तुळाचे ८४ खण पडले आहेत. त्यांपैकी तीन येण्याजाण्यासाठी मोकळे सोडलेले असून उरलेले ८१ मूर्तींसाठी आहेत. मग या स्थानाला ‘चौसष्ट’ योगिनी का म्हणावे? योगिनींच्या गणाची रूढ संख्या चौसष्ट असल्यामुळे तेच नाव लोकांच्या तोंडी बसले. ८१ योगिनींचे चक्रही तंत्रग्रंथांना ठाऊक आहे. विद्या दहेजिया यांनी या संख्येचा संबंध राजाश्रयाशी जोडला आहे.

योगिनी बहुतेक बसलेल्या असून अनेकींच्या बैठकीवर त्यांची नावे कोरलेली आहेत. कामदा, सर्वतोमुखी, जाह्नवी अशी ही नावे वाचीत गेले म्हणजे नेहमीच्या पुराणकथांत न भेटणारा एक देवतापरिवार समोर येतो. बहुतेक मूर्तींचे हात, नाक किंवा मस्तक भंगलेले आहे. अशा वेळी बैठकीवरील ती चार अक्षरेच मूर्तीची ओळख सांगतात. शिवाय अक्षरांच्या वळणावरून देवळाचा काळ ठरविण्यास अभ्यासकांना मोठे साहाय्य झाले.

अंगणात आज गौरीशंकराचे देऊळ उभे आहे. आत नंदीवर आरूढ झालेल्या शिवपार्वतींची मूर्ती आहे. हे देऊळ वर्तुळाच्या नेमक्या मध्यावर नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एवढे काटेकोर वर्तुळ आखणाऱ्या स्थपतीने मुख्य देऊळ असे बाजूला बसविले असते, हे संभवत नाही. ते नंतरच्या काळातील आहे, हे जमिनीवरील मापच सांगते. भेडाघाट येथील एका शिलालेखात राजा गयाकर्ण याची राणी व नरसिंह याची माता अल्हणदेवी हिने शिवालय, मठ आणि व्याख्यानशाळा बांधविल्याचा उल्लेख आहे. लेखावर कलचुरी संवत् ९०७, म्हणजे इ. स. ११५५ हा काळ दिलेला आहे. गौरीशंकराचे देऊळ तिचेच, असे सामान्यतः मानले जाते. कलचुरींचे असे लेख नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी यांनी संपादित केले व १९५५ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

याच घडणीची वर्तुळाकार योगिनीमंदिरे ओडिशात हिरापूर व राणीपूर-झरियाल येथे आणि मध्य प्रदेशात मितावली येथे आहेत. खजुराहोचे मात्र आयताकृती आहे. भेडाघाटचे वर्तुळ त्यांत विस्ताराने मोठे.

गौरीशंकराचे दर्शन घेऊन परत फिरण्याचा प्रघात आहे. परंतु देऊळ समजून घ्यावयाचे असेल, तर ओवरीच्या कडेने, प्रत्येक खणापाशी थांबत, संपूर्ण फेरी पुरी करावी. उघड्या आकाशाखाली परस्परांकडे पाहत बसलेल्या देवतांचे मंडळ, ही मूळ कल्पना त्या फेरीतच ध्यानात येते. मधले देऊळ नंतर आले. वर्तुळ आधीचे आहे.