धरणाकाठची सावकाश ओहोटी

मावळात समुद्र नाही, तरी लोणावळ्याच्या पावसाचं बरंचसं पाणी खाडीलाच मिळतं. इंद्रायणी-भीमेच्या वाटेनं ते बंगालच्या उपसागराला गेलं असतं. पण वळवणसारख्या धरणांत अडवून ते नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडलं जातं. तिथल्या टाटांच्या वीजकेंद्रात १९१५ पासून वीज तयार होते. मग हे पाणी पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीत पोचतं.

खाडीत दिवसातून दोनदा ओहोटी लागते आणि चिखल उघडा पडतो. कुजलेल्या पालापाचोळ्यावर पोसलेले किडे आणि शंख त्यात ठासून भरलेले असतात. चिखल्या पक्षी वरवरचं टिपतो, तर लांब चोचीचा पाणटिवळा खोलवरचं उपसतो. एकाच चिखलावर अनेकांचं भागतं ते यामुळे.

मावळातल्या धरणांची ओहोटी वर्षातून एकदाच येते आणि महिनोन्‌महिने चालते. पवना धरण पावसाळ्याअखेर तुडुंब असतं. पुढे पाणी सोडत जावं तसा काठ खाली सरकतो आणि ओल्या गाळाची नवी पट्टी उघडी पडते. नेमके याच काळात उत्तरेकडचे पाहुणे पक्षी येतात. माझ्या मते मावळातल्या पाणपक्ष्यांचं खरं घर भरलेलं धरण नाही, ही ओली पट्टीच आहे. तिथं छोट्या कंठेरी चिखल्याकडे नीट पाहा. चार पावलं धावतो, थबकतो, एक पाय चिखलावर थरथरवतो. त्या कंपनानं किडा हलला की टिपलाच! हळदी-कुंकू बदकं उथळ पाण्यात डोकं बुडवून चरतात, शेकाट्या लांब लाल पायांनी आत शिरतो.

थंडी सरली की याच उघड्या काठावर टिटवी अंडी घालते. नदी सुरय पाण्यातल्या उघड्या बेटांवर घालतो. घरटं कसलं, जमिनीतला नुसता खळगा. मातकट, ठिपक्यांची अंडी दगडांत अशी मिसळतात, की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. पाणी फार उतरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री थेट अंड्यांपर्यंत पोचतात. नदी सुरय आज धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे.

पवनेच्या काठी आता तंबूंच्या रांगा लागतात, गाड्या थेट पाण्यापर्यंत जातात. फेब्रुवारी ते मे या काळात तरी तंबू आणि गाड्या ओल्या पट्टीपासून दूर, वरच्या बाजूला ठेवा. बेटांवर पाय ठेवू नका आणि कुत्र्यांना तिकडे मोकळं सोडू नका.