भौगोलिक खेळणी

स्थळांचे स्थान, दिशा, अंतर, आकार आणि परस्परसंबंध यांचे ज्ञान मुलांना हाताळणीतून व्हावे, या हेतूने तयार केलेली किंवा त्या कामी उपयोगी पडणारी खेळणी. त्यांत तुकडे जुळवून करावयाचे नकाशे, प्रवासाचे पट, छोटे पृथ्वीगोल, उंचसखलपणा दाखविणाऱ्या प्रतिकृती आणि प्रवाशांनी गावोगावहून आणलेल्या खेळणीवजा स्मरणवस्तू यांचा समावेश होतो. स्थळांची नावे पाठ करविणारे खेळणे आणि स्थळांचे संबंध समजावून देणारे खेळणे यांतील भेद शैक्षणिक दृष्ट्या महत्त्वाचा आहे.

इतिहास : पिएर द्यूव्हाल या फ्रेंच भूगोलज्ञाने १६४५ मध्ये पॅरिस येथे जगातील देशांवर आधारलेला सोंगट्यांचा पट प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये जॉन जेफ्रीझ याने १७५९ मध्ये यूरोपच्या प्रवासाचा पट काढला. त्यात खेळाडू नकाशावरील क्रमांकित शहरांतून पुढे सरकत. लंडनमधील नकाशे कोरणारा कारागीर जॉन स्पिल्सबरी याने १७६० नंतरच्या दशकात नकाशे लाकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले व ते सुटे तुकडे विकावयास काढले. जिगसॉ या नावाने पुढे लोकप्रिय झालेल्या कोड्यांचा उगम या नकाशांत आहे. त्यापूर्वी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जोसेफ मॉक्सन याने खिशात मावतील असे सु. ७·५ सेंमी. व्यासाचे पृथ्वीगोल तयार केले होते. गोलाच्या डबीच्या आतील बाजूस तारकामंडळे चितारलेली असत.

मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत या खेळण्यांना शिक्षणक्रमात निश्चित स्थान मिळाले. जमीन खरखरीत आणि पाणी गुळगुळीत असलेला गोल, तसेच बोटांनी उचलण्यासाठी लहान मुठी बसविलेले लाकडी तुकड्यांचे नकाशे, ही त्यांची साधने प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रात ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि पुढे १९५७ पासून कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम करताना महागड्या साधनांऐवजी परिसरातील पाने, बिया, शिंपले, खडे यांपासून साधने करविली. खेळण्याचा कच्चा मालच परिसराचा परिचय करून देतो, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

प्रमाणाचा प्रश्न : कोणतेही भौगोलिक खेळणे काही गोष्टी दाखविते व काही लपविते. ३० सेंमी. व्यासाच्या गोलावर पूर्वपश्चिम सु. ८०० किमी. पसरलेला महाराष्ट्र जेमतेम १·९ सेंमी. भरतो, तेथे जिल्हा दाखविणे अशक्य असते. एक सेंमी.ला दहा किमी. या प्रमाणाने महाराष्ट्राची प्रतिकृती केली, तर ती सु. ८० सेंमी. रुंद होते; पण कळसूबाईचे १,६४६ मी. उंचीचे शिखर तीत केवळ १·६ मिमी. उंच दिसते. म्हणून अशा प्रतिकृतींत उभे प्रमाण आडव्या प्रमाणाच्या अनेक पट घेतात. ही गोष्ट मुलांना सांगितली नाही, तर सह्याद्री भिंतीसारखा सरळ उभा असल्याचा समज होतो. याच प्रमाणाने गडचिरोली जिल्ह्याचा (१४,४१२ चौ. किमी.) तुकडा सु. १४४ चौ. सेंमी. होतो, तर मुंबईचे दोन्ही जिल्हे मिळून सु. ६ चौ. सेंमी. भरतात. लहान तुकडा हरवू नये म्हणून उत्पादक तो मोठा करतात किंवा शेजारच्या तुकड्यास जोडतात. तेव्हा क्षेत्रफळाची तुलना हातून निसटते.

‘व्यापार’ या लोकप्रिय पटात शहरांची नावे परिचित होतात. परंतु घरांचा क्रम शहरांच्या स्थानावर अवलंबून नसल्याने दिशा व अंतर यांचा बोध होत नाही. चित्रमय स्मरणवस्तूंची मर्यादा वेगळी आहे. त्यांत एका स्थळास एकच चित्र मिळते. वाघाच्या चित्राने चंद्रपूर दाखविले, की तेथील कोळशाच्या खाणी, तलाव आणि नद्या दृष्टीआड होतात.

सीमा व नदी : तुकड्यांचा नकाशा हा त्या काळाच्या राज्यकारभाराचाही आरसा असतो. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा त्यात २६ जिल्हे होते. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग व जालना, १९८२ मध्ये लातूर व गडचिरोली, १९९० मध्ये मुंबई उपनगर, १९९८ मध्ये नंदुरबार व वाशीम, १९९९ मध्ये हिंगोली व गोंदिया आणि २०१४ मध्ये पालघर हे जिल्हे निर्माण होऊन ही संख्या ३६ झाली. जुन्या संचात चंद्रपूर हा राज्यातील सर्वांत मोठा तुकडा असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा झाला. पुढे शेजारचे तुकडेही बदलले : पूर्वेस २००० मध्ये मध्य प्रदेशच्या जागी छत्तीसगढ, तर दक्षिणेस २०१४ मध्ये आंध्र प्रदेशच्या जागी तेलंगण आले. जुना संच टाकून न देता नव्या संचाशेजारी ठेवल्यास सीमा माणसे आखतात व बदलतात, हे मुलांच्या सहज ध्यानी येते.

याउलट, या तुकड्यांमधील सांधे पुष्कळदा नदीचे असतात. चंद्रपूर व गडचिरोली यांमधील सीमा बऱ्याच अंतरापर्यंत वैनगंगेला, तर गडचिरोली व तेलंगण यांमधील सीमा प्राणहितेला धरून जाते. वैनगंगेच्या डाव्या काठावर चामोर्शी तालुक्यात मार्कंडा हे प्राचीन मंदिरसमूहाचे व महाशिवरात्रीच्या जत्रेचे स्थान आहे. एरवी दक्षिणेकडे जाणारी नदी येथे उत्तरेकडे वळते. या उत्तरवाहिनी प्रवाहामुळे स्थानाला विशेष पावित्र्य आले आहे.

हे वळण समजण्यासाठी वाळूने भरलेला परात किंवा बांबूचे सूप पुरेसे होते. एका कडेस उत्तर दिशेची खूण करून बोटाने नदीचे पात्र कोरावे, वळणाशी मंदिरासाठी दगड ठेवावा आणि प्रवाहाच्या दिशेने तोंड करून डावा काठ कोणता ते मुलांना ओळखावयास सांगावे. नदी दक्षिणेकडे वाहते तेथे डावा काठ पूर्वेस येतो. ती उत्तरेकडे वळते तेथे तोच काठ पश्चिमेस जातो. काठ प्रवाहावरून ठरतो व दिशा पृथ्वीवरून, हा भेद पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा या खेळातून लवकर उमगतो. पात्र पुढे वाढवीत नेल्यास वर्धेच्या संगमानंतर प्राणहिता, सिरोंचाजवळ गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर असा क्रम लागतो.

पश्चिम महाराष्ट्र व कोकण या भागांत दिवाळीत मुले करीत असलेले मातीचे किल्ले हे याच प्रकारचे पारंपरिक उदाहरण होय. माची, बालेकिल्ला, बुरूज, पाण्याचे टाके आणि पायथ्याचे गाव यांची जागा ठरविताना डोंगराचा उतार व पाणी यांचा विचार आपोआप करावा लागतो. विकत आणलेली मातीची चित्रे किल्ल्यावर मांडली, तरी डोंगर मात्र मुलांना स्वतःच रचावा लागतो.

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशांत बांबूकाम ही बुरूड कारागिरांची जुनी कला असून चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. या कौशल्याचा उपयोग नद्या, सीमा व वनक्षेत्रे दाखविणाऱ्या तुकड्यांच्या नकाशांसाठी होऊ शकतो. मात्र अशा खेळण्यावर दिशा, प्रमाण व नकाशाचे वर्ष या तीन गोष्टी नोंदविणे आवश्यक आहे. त्यांच्या अभावी खेळणे शोभेची वस्तू ठरते.