गोंदणावरून माणूस ओळखू नये

रोहे शहराला लागून असलेल्या वरसे गावात काय किंवा पेणच्या बाजारात काय, गोंदवून घेतलेले तरुण हात आज सहज नजरेस पडतात. कुणाच्या मनगटावर 'जय भीम', कुणाच्या दंडावर अशोकचक्र, तर कुणाच्या मानेवर विंचू नाही तर कवटी. मुलगा वाईट संगतीला तर लागला नाही ना, ही आयाबहिणींची धास्ती आम्हाला समजते. म्हणूनच या विषयाचा नीट विचार करू या.

टोळ्यांच्या खुणा असतात, हे खरे आहे. रशियाच्या तुरुंगांत गुन्हेगारांच्या छातीवर चर्चचे घुमट गोंदलेले असत. जितके घुमट तितक्या शिक्षा. जपानच्या याकुझा टोळ्यांतले लोक अंगभर गोंदवून घेत. अमेरिकेच्या तुरुंगांत गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या टोळीने तीन पानांची खूण धरली. अशी खूण एकदा अंगावर आली की टोळी सोडणे कठीण होते आणि वैरी टोळीलाही आयते सावज मिळते.

पण दुसरी बाजूही आहे. गोंदण हे सत्तेचेही हत्यार होते. बंगालमध्ये १७९७ पासून जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदत. ही प्रथा १८४९ मध्ये बंद झाली. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सुईसुद्धा न वापरता जमातीच्या जमातींवर जन्मापासून गुन्ह्याचा शिक्का मारला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला, तरी पोलीस आणि समाज यांच्या मनातला संशय गेला नाही. डिसेंबर १९९३ मध्ये अमृतसर येथे पोलिसांनी महिलांच्या कपाळावर 'जेबकतरी', म्हणजे खिसेकापू, असे गोंदवले. त्या पोलिसांना शिक्षा व्हायला २०१६ साल उजाडले!

आजचे जगही फारसे शहाणे झालेले नाही. एल साल्वादोर देशात मार्च २०२२ पासून आणीबाणी लावून ऐंशी हजारांहून अधिक लोक तुरुंगात टाकले गेले. त्यांत केवळ गोंदणावरून धरलेलेही आहेत. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने दोनशेहून अधिक व्हेनेझुएलावासीयांना तिथल्याच तुरुंगात धाडले. मुकुट, गुलाब, आईचे नाव, अशी साधी गोंदणेही टोळीची खूण ठरली, असे त्यांच्या घरच्यांचे म्हणणे होते. जुलै २०२५ मध्ये त्यांची सुटका झाली. मुरलेले टोळीवाले मात्र पोलिसांची नजर चुकवण्यासाठी गोंदणेच टाळू लागले होते.

खुणेवरून माणसाची किंमत ठरवण्याचा अन्याय आपल्याइतका कोणी सोसला आहे? अस्पृश्य ओळखू यावा म्हणून त्याच्या मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा असे, याची नोंद बाबासाहेबांनी 'जातिभेद निर्मूलन' या ग्रंथात केली आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या महाडला १९२७ मध्ये जे घडले, ते असल्या खुणांविरुद्धचेच बंड होते. मग आपणच शेजारच्या पोराच्या हातावरचा विंचू पाहून त्याला गुंड कसे ठरवावे?

अंगुलिमालाच्या गळ्यात तर माणसांच्या बोटांची माळ होती. तथागतांनी माळ पाहून तोंड फिरवले नाही. आतला माणूस पाहिला आणि त्याला भिक्खू केले. तो भिक्षेला निघाला तेव्हा लोकांनी त्याला दगड मारले. लोक जुनी खूण विसरत नव्हते. तथागत नवे कर्म पाहत होते.

तरुणांनो, गोंदवायचेच असेल तर विचारपूर्वक गोंदवा. सुई नवी आहे ना, ते पाहा. जुन्या सुईने कावीळ आणि एच.आय.व्ही. पसरतो. गोंदवल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही. सैन्यभरतीत कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूचे आणि तळहाताच्या मागचे गोंदण चालते. इतरत्र असेल तर आदिवासी रूढीचा अपवाद वगळता उमेदवार बाद होतो. आणि ज्या चिन्हाचा अर्थ ठाऊक नाही, ते केवळ सिनेमात पाहिले म्हणून अंगावर घेऊ नका.

आईवडिलांनो, मुलाच्या हातावर काय आहे ते जरूर पाहा. पण त्याआधी तो संध्याकाळी कुठे बसतो, कोणाबरोबर फिरतो, त्याच्या हाताला काम आहे का, हे प्रेमाने विचारा. 'जय भीम' हातावर असणे चांगलेच. ते वागण्यात उतरले तर अधिक चांगले.