शेवंतीला काळोख हवा

दसरा झेंडूचा, तर दिवाळीपासून मार्गशीर्षापर्यंतचे दिवस शेवंतीचे. लक्ष्मीपूजनाच्या तबकात, पाडव्याच्या वेणीत आणि पुढे मार्गशीर्षातल्या गुरुवारी कलशाभोवती तिचाच मान. एवढी फुले दरवेळी बाजारातून पुडीने आणायची, तर खर्च काही थोडा होत नाही. वास्तविक चार कुंड्यांची जागा असेल, तर घरची फुले घरच्या देवाला सहज पुरतात.

माझे माहेर इंदापूरचे नि सासर बारामतीचे. दोन्हीकडची माती काळी, चिकट आणि चुनखडीची. पाऊस वर्षाकाठी जेमतेम वीस इंच. विलायतेत शरद ऋतूत माळरानेच्या माळराने जांभळी करणारे हेदर नावाचे झुडूप आहे. चित्रात पाहून ते कुणालाही हवेसे वाटेल. पण त्याला आंबट माती आणि थंड हवा लागते. आमच्या अंगणात ते आठवडाभरही तगायचे नाही. शेवंती मात्र या मातीशी जुळवून घेते. तिची अट एकच: पायाशी पाणी साचता कामा नये.

ही अट आमच्या मुलखाने मोठी किंमत देऊन शिकली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा आला, माळावर ऊस डोलू लागला. पण पाणी आले तरी ते निघून जायला वाट नव्हती. जमिनीखालची ओल वर चढली, तिच्याबरोबर क्षार चढले आणि चांगल्या जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींवर १९१० साली पुस्तिकाच लिहिली. एकराला जो न्याय, तोच कुंडीला! कुंडीच्या काठावर पांढरी पापुद्री दिसली, किंवा कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला, की समजावे, माती बिघडते आहे.

म्हणून कुंडीच्या भोकावर खापऱ्या घालाव्यात. दोन घमेली माती, एक घमेले चांगले कुजलेले शेणखत आणि एक घमेले जाड वाळू असे मिश्रण भरावे. वाफ्यात लावायची असेल, तर वाफा वीतभर उंच करावा. पाणी रोजच्या रोज न घालता बोट खुपसून पाहावे, वरची माती सुकली असली तरच घालावे; आणि घालाल तेव्हा ते भोकातून खाली येईपर्यंत घालावे. तेवढ्याने साचलेले क्षार धुऊन जातात. पावसाळ्यात पन्हळीचे पाणी साठवता आले तर फारच उत्तम.

आता काळोखाचे. शेवंतीला ऋतू कळतो तो थंडीवरून नव्हे, तर मुख्यतः रात्रीच्या लांबीवरून. अमेरिकेतल्या गार्नर आणि अॅलर्ड या दोघा शास्त्रज्ञांनी १९२० साली दिवसाच्या लांबीचा आणि फुलोऱ्याचा संबंध जगापुढे मांडला. रात्र पुरेशी लांबली की शेवंती कळ्या धरते. मोठे बागवाले याचा फायदा घेतात. फूल लांबवायचे तर रात्री दिवे लावतात, लवकर हवे तर काळे कापड झाकतात. आपल्या घरी मात्र नेमकी कुंडी ठेवली जाते ती व्हरांड्यातल्या दिव्याखाली, नाही तर रस्त्यावरच्या खांबासमोर. झाड हिरवेगार वाढते नि कळी काही येत नाही. मग खताला दोष, रोपवाल्याला दोष! भाद्रपद लागला की कुंडी अशा जागी हलवा, जिथे दिवसा भरपूर ऊन आणि रात्री निवांत काळोख मिळेल.

तिसरी गोष्ट खुडणीची. रोप लावल्यावर महिन्याभराने शेंडा खुडावा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात. त्या वीतभर वाढल्या की पुन्हा एकदा खुडावे. श्रावण सरला की हात आवरावा. नंतर खुडाल तर कळ्याच हातात येतील. फांद्यांना काटक्यांचा आधार द्यावा. ढगाळ हवेत कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो. सकाळी पाण्याच्या धारेने धुऊन काढावा, फारच झाला तर निंबोळीचा अर्क फवारावा.

वाचकभगिनींनो, शेवटची सूचना सर्वांत मोलाची. बहर ओसरला, पाने वाळली, की पुष्कळ घरी झाड उपटून टाकतात. तसे करू नका. वीतभर बुंधा ठेवून वरचे कापून टाका आणि थोडे थोडे पाणी चालू ठेवा. माघ-फाल्गुनात बुडाशी हिरव्या काश्या फुटतील. त्या मुळांसकट सोडवून लहान कुंड्यांत लावा, उन्हाळाभर दुपारच्या उन्हापासून जपा आणि मृगाचा पाऊस पडला की मोठ्या कुंडीत हलवा. माझ्याकडची पिवळी शेवंती माहेरच्या अशाच काश्यांची आहे. आईचे अंगण आता राहिले नाही. तिथे घर वाढवले आहे. पण तिचे झाड बारामतीत दरवर्षी फुलते. काश्या उरल्याच, तर शेजारणीला द्या. आपले झाड कधी गेले, तर तेच तिच्या दारातून परत आणता येते.