मोगऱ्याच्या आधी आलेली ईद

ईदच्या नमाजला निघण्यापूर्वी अंघोळ, असतील त्यातले चांगले कपडे आणि सुगंध, ही सुन्नत. म्हणून रमजानचा शेवटचा आठवडा आला की अत्तराच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. आमच्याकडे मात्र अत्तर विकत आणायची पद्धत नव्हती. अम्मी ते घरीच करायची. खरं तर त्याला अत्तर म्हणणं चूकच. कनौजचे कारागीर तांब्याच्या डेगमध्ये फुलं तापवतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात नेतात आणि तिथल्या चंदनतेलात ती मुरवतात, ते अत्तर. अम्मीचं ते फुलेल, म्हणजे फुलांचा वास प्यायलेलं तिळाचं तेल.

मोगरा शेजारच्या काकूंच्या अंगणातला. दुपार कलली की टपोऱ्या, पण मिटलेल्या कळ्या खुडायच्या. मोगरा रात्री उमलतो आणि खरा दरवळतो तेव्हाच. सकाळची फुलं अम्मी हातातही घेत नसे. कळ्या सुती कापडावर पसरून पाण्याचा अंश घालवायचा, नाहीतर तेल बिघडतं. मग रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत घाण्याचं तेल आणि त्यात ओंजळभर कळ्या. सकाळी फुलं गाळायची, संध्याकाळी नव्या घालायच्या. असं दहा-बारा दिवस. विस्तव नाही की घाई नाही. सुगंध घेतल्यानं रोजा तुटत नाही (उदबत्तीचा धूर तेवढा मुद्दाम आत ओढायचा नाही), त्यामुळे इफ्तारच्या आधीचा तो लांबच लांब तास आम्हा मुलांना कळ्या खुडण्यात कधी सरला ते कळायचं नाही.

गुलाबाच्या अत्तराचं श्रेय लोक नूरजहाँला देतात. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात मात्र ते तिच्या आईला, अस्मत बेगमला दिलं आहे. गुलाबपाणी करताना भांड्यांत वर आलेला तवंग तिने टिपून गोळा केला, आणि बादशहाने तिला मोत्यांची माळ दिली. हे वाचून दाखवलं तेव्हा अम्मी म्हणाली, "आईने केलं आणि नाव लेकीचं झालं. यात नवल काय?"

ईदच्या दिवशी शिरखुर्म्याच्या वाटीबरोबर छोटी कुपी, हा आमचा रिवाज. काकू त्यातलं अर्धं तेल नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाला राखून ठेवतात. दिवाळीत कुपी परत येते. रिकामी कशी द्यायची, म्हणून उटणं भरून.

पण चांद्र वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान. ईद दरसाल अलीकडे सरकते, मोगरा आपल्या जागी राहतो. 1987 मध्ये ईद मेच्या अखेरीस होती, ऐन बहरात. मी तेव्हा आठ वर्षांची. पुन्हा तशी गाठ पडली ती 2020 मध्ये, आणि तेव्हा टाळेबंदी! कुप्या भरल्या, पण त्या खिडकीच्या गजांतून द्याव्या लागल्या. आता रमजान फेब्रुवारी-मार्चकडे आला आहे. मोगऱ्याला बहर यायच्या आधीच ईद दारात. म्हणून आम्ही मेमध्येच तेल मुरवतो आणि गडद बाटलीत, कपाटाच्या तळाशी ठेवून देतो.

दुसरी अडचण अधिक अवघड. 2021 मध्ये अम्मीला कोरोना झाला आणि तिचा वास गेला तो परत आलाच नाही. तेल तयार झालं की नाही, हे ज्या नाकावर ठरायचं तेच मुकं झालं. वर्षभर तिने बरणीला हात लावला नाही. मी करून पाहिलं, ते खवट निघालं. फेकलं आणि गप्प बसले.

गेल्या मेमध्ये माझ्या लेकीने बरणी काढली. अम्मीने खुर्ची ओढली. चौथ्या रात्री विचारलं, "कसा येतोय?"

"चांगला."

"चांगला म्हणजे? नीट सांग बेटा."

पोरीने पुन्हा नाक लावलं. "कच्चा. हिरवी शेंग मोडल्यासारखा."

"मग फुलं घाल अजून."

आठव्या रात्री ती म्हणाली, "काकूंच्या देवघरात येतो तसा. पण मागे थोडा तिळाचा."

अम्मीने बोटांवर थेंब चोळला, सवयीने नाकाशी नेला आणि हात खाली घेतला. "तीळ जाईपर्यंत. अजून तीन रात्री."

सात कुप्या भरल्या. कपाटातून त्या परवा काढल्या. पहिलीवर लेकीने काकूंचं नाव लिहिलं आहे.